साहेबांच्या नावानं

करुणा कुरुंद्याची. बी.ए. झालेली, मराठी टायपिंगची परीक्षा पास, आणि हिंगोलीत दोन वर्षं अभ्यासिकेत मान मोडून बसूनही तलाठ्याच्या भरतीत दोन मार्कांनी राहिलेली. वडील नव्हते. आई रुक्माबाई हंगामात हळद काढायला, शिजवायला, एरवी निंदायला-खुरपायला जायची आणि त्यावर लेकीला शहरात ठेवायची. निकाल लागला त्याच महिन्यात खोलीवरच्या मैत्रिणीनं सांगितलं, संपतराव साहेब विधानसभेला उभे राहून राहिलेत, त्यांच्या ऑफिसात चांगलं मराठी लिहिणारी पोरगी पाहिजे म्हणे.

ऑफिस अकोला बायपासला होतं, टाइल्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. सहा टेबलं, दहा-बारा मोबाइल आणि भिंतभर साहेबांचा हात जोडलेला फोटो. तिथली माणसं त्याला वॉर रूम म्हणायची. सगळा कारभार शिवहारच्या हातात. शिवहार वसमतचा, पुण्यात इंजिनिअरिंग करून आलेला, तिशीच्या आतला, एका वेळी दोन फोनवर बोलणारा. त्यानं करुणाला फार काही विचारलं नाही. एक कोरा कागद पुढं सरकवला.

"समज, एका बाईनं साहेबांना कळवलंय की गावात चार दिवस झाले नळाला पाणी नाही. साहेब काय उत्तर देतील? लिही."

करुणानं लिहिलं, 'ताई, चार दिवस पाणी नाही म्हणजे किती लांबून हंडे आणावे लागत असतील, ते मला कळतं. माझ्या आईनंही डोक्यावरून पाणी वाहिलंय. गावाचं नाव आणि टाकी कुठं आहे, तेवढं कळवा.'

शिवहारनं ते दोनदा वाचलं. "साहेबांच्या आईनं उभ्या जन्मात पाणी वाहिलं नाही," तो हसून म्हणाला. "पण राहू दे. उद्यापासून ये. अकरा ते सात. अन् एक ध्यानात ठेव. ह्या फोनवर तू करुणा नाहीस. तू साहेब आहेस."

'थेट साहेब' असं त्या उपक्रमाचं नाव होतं. गावोगावच्या फलकांवर एक नंबर छापला होता आणि खाली लिहिलं होतं, 'मेसेज टाका, साहेब स्वतः उत्तर देतील.' दिवसाला दोन-अडीचशे मेसेज यायचे. वाढदिवसाच्या शुभेच्छा, देवांचे फोटो, निराधार योजनेचा बंद पडलेला पगार, रेशनकार्डातून गळालेलं नाव, उखडलेला रस्ता. आधी हे काम करणारा माणूस सगळ्यांना एकच ओळ डकवायचा, 'आपली समस्या नोंदवण्यात आली आहे.' करुणानं ते बंद केलं. ती माणसाचं नाव घेऊन लिहायची, घरच्यांची चौकशी करायची, आणि शेवटी 'तुमचा भाऊ, संपतराव' असं लिहायची. महिन्याभरात लोक ती उत्तरं स्टेटसला ठेवायला लागले. एवढा मोठा माणूस, पण गरिबाला स्वतः लिहितो, अशी बोलणी चहाच्या हॉटेलांतून व्हायला लागली.

आलेला प्रत्येक मेसेज एका तक्त्यात चढायचा. नाव, गाव, बूथ नंबर, जात, घरात मतं किती. शेवटी 'काम झाले का' असाही एक रकाना होता आणि तो वरपासून खालपर्यंत रिकामा होता. करुणाला ते दिसत होतं. पण साहेब अजून निवडूनच आले नाहीत तर कामं कशी करतील, एकदा येऊ द्या, असं ती स्वतःला समजवायची. आणि ते तिला मनापासून खरंही वाटायचं.

मनकर्णाचा पहिला मेसेज ऑगस्टच्या सुरुवातीला आला. एक फोटो आणि मागोमाग तिच्या आवाजातला निरोप.

"नमस्कार साहेब. म्या मनकर्णा. डोंगरकड्याच्या पल्याड मेंढरंवाल्यांची वाडी हाय न्हवं, तिथली. आमच्या वाटंवर मोठ्या लाइनची तार खाली आलीया. मागच्या पावसाळ्यात खांब कलला, तवापासून. आमचं मालक रोज दोन टाइम मेंढरं घेऊन तिथूनच जातेत. ऑफिसात चार बार सांगितलं, कोणी ऐकून नाही राहिलं. तुमी बघा साहेब."

फोटोत एक कललेला खांब होता आणि झोळीसारखी लोंबणारी तार. तारेची उंची कळावी म्हणून तिच्या अलीकडे एक म्हातारी उभी केली होती. म्हातारीच्या डोक्याच्या वर आणखी एक माणूस उभा राहिला असता तर त्याचं डोकं तारेला टेकलं असतं.

करुणानं लिहिलं, 'मनकर्णाताई, फोटो बघून काळजात धस्स झालं. तिकडून लेकरं नेऊ नका. आठ दिवसांत बघतो. तुमचा भाऊ, संपतराव.'

आठ दिवस हा आकडा तिच्या बोटांतून आपसूक उतरला. पण पाठवून झाल्यावर तो तिला टोचायला लागला. डोंगरकड्याला तिचा मावसभाऊ भीमराज वायरमन होता, ठेकेदाराच्या हाताखाली, आठ वर्षांपासून. जेवायच्या सुट्टीत तिनं त्याला फोन लावला.

"कोणती, त्या वाडीची तार?" भीमराज म्हणाला. "मला ठाऊक हाय ना बाई. मधी एक खांब टाकावा लागतो तिथं. म्या तीन बार लिहून दिलं वर. इस्टिमेट मंजूर होऊन नाही राहिलं."

"दादा, तू तात्पुरतं काही करू शकत न्हाईस का?"

"म्या ठेकेदाराचा माणूस. अकरा हजारची लाइन हाय ती. परमिट बिगर हात लावला अन् काही झालं, तर म्या बी गेलो अन् नोकरी बी गेली. एक काम कर. तुझ्या साहेबाचं एक पत्र घे. पत्र आलं की वरचे हालतेत."

पत्र. एवढंच तर हवं होतं. करुणानं शिवहारला सांगितलं. शिवहार म्हणाला, करू. त्या आठवड्यात त्यानं तीन वेळा 'करू' म्हटलं.

इकडे मनकर्णा दर चार-पाच दिवसांनी लिहायला लागली होती. सातवी शिकलेली होती, हळूहळू टाइप करायची. तारेचं विचारून झालं की आणखी दोन ओळी असायच्या. आज एका मेंढीला जुळी झाली. सासूबाईंचा मोतीबिंदू काढायचा आहे. साहेब, तुम्ही जेवलात का. करुणा प्रत्येक वेळी उत्तर द्यायची. दिवसभर दोनशे माणसांशी साहेब होऊन बोलताना ही एक बाई अशी होती, की तिचा मेसेज आला की करुणाला बरं वाटायचं. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत, असं.

राखीपौर्णिमेला मनकर्णानं साहेबांचा फलक उभा होता त्या खांबाला राखी बांधली आणि फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'मला सख्खा भाऊ न्हाई. तुमीच.'

शिवहार करुणाच्या मागं उभा राहून ते बघत होता. "हे सोनं आहे," तो म्हणाला. "तिला विचार, पेजवर टाकू का."

करुणानं विचारलं. मनकर्णाला आनंद झाला. फोटो पेजवर गेला, 'बहिणीची माया' अशा मथळ्याखाली, आणि दोन दिवसांत चाळीस हजार लोकांनी तो पाहिला. मथळा करुणानंच लिहिला होता.

सप्टेंबरात साहेब स्वतः रेकॉर्डिंगला ऑफिसात आले. करुणानं त्यांना तोवर फक्त भिंतीवर पाहिलं होतं. उंच, साठीचे, आवाज मऊ. शिवहारनं ओळख करून दिली, तसे साहेब थांबले.

"तूच काय गं ती? बाळा, लोक मला वाटंत अडवून सांगतेत, साहेब तुमचं उत्तर आलं म्हणून. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यात पाणी होतं. मला काय माहीत काय लिवलंय!" ते हसले. "चांगलं लिवती. लिहीत जा."

करुणानं धीर केला. "साहेब, डोंगरकड्याजवळ एक वाडी हाय. तिथं विजेची तार लई खाली आलीया. तुमचं एक पत्र मिळालं तर..."

"हो, हो. करू की. शिवहार, नोंद घे रे."

शिवहारनं नोंद घेतली. साहेब कॅमेऱ्यापुढं बसले, हात जोडले, आणि दिवे लागले.

संध्याकाळी करुणानं पत्राचं पुन्हा विचारलं, तेव्हा शिवहारनं खुर्ची ओढून तिला समोर बसवलं. तो रागावला नव्हता. शिकवावं तसं सांगत होता.

"करुणा, साहेब अजून आमदार नाहीत. आत्ता पत्र दिलं अन् तार वर गेली, तर श्रेय कोणाला? चालू आमदार फोटो काढून मोकळा होईल. अन् तार तशीच राहिली तर आपण भाषणात विचारू शकतो, पाच वर्षं काय केलं म्हणून. कळलं का? वर्षभर लोंबतीय ना? आणखी दोन महिने लोंबू दे."

"अन् कोणाला लागली तर?"

"वर्षभरात लागली का?"

करुणा आपल्या टेबलाशी येऊन बसली. त्या दिवशी उठून जाता आलं असतं, असं तिला पुढं कितीदा तरी वाटलं. पण त्या दिवशी तिच्या मनात दुसरंच होतं. साहेब मला बाळा म्हणाले, साहेबांनी नोंद घ्यायला सांगितली, दोन महिन्यांचाच प्रश्न आहे. तिनं मनकर्णाला लिहिलं, 'ताई, मी विसरलो नाही. आचारसंहिता लागतेय. निवडणूक झाली की पहिलं काम तुमच्या वाडीचं. तोवर धीर धरा.'

मनकर्णानं उत्तर दिलं, 'तुमचा शबूद हाय तर आमी थांबतो.'

नोव्हेंबरात मतदान झालं. मनकर्णानं वाडीतल्या सगळ्या बायकांचा शाई लावलेली बोटं वर केलेला फोटो पाठवला. निकालाच्या दिवशी शिवहारनं बूथचे आकडे काढले, तेव्हा वाडीच्या एकशे बेचाळीस मतांतली एकशे एकतीस साहेबांना पडली होती. बायपासवर फटाके वाजले, गुलालानं टाइल्सच्या दुकानाची पायरी लाल झाली. करुणाच्या कपाळालाही कोणीतरी गुलाल लावला, आणि ती खरोखर आनंदात होती.

मग ऑफिस पातळ झालं. सहा टेबलांतली दोन राहिली. 'थेट साहेब'चे फलक उतरले, नंबर मात्र बंद केला नाही. बंद केला तर बरं दिसत नाही, म्हणून शिवहारनं तो चालू ठेवला. करुणाचं काम आता अभिनंदनाचे, पुण्यतिथीचे, उद्घाटनाचे मजकूर लिहिण्याचं होतं. नंबरवरचे मेसेज वेळ मिळाला तर बघायचे. पत्राचा मसुदा तिनं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्वतःच टाइप केला, आमदारकीच्या नव्या कागदावर छापला आणि सहीच्या फाइलमध्ये ठेवला. साहेब अधिवेशनाला नागपूरला होते. मग मुंबईला. मग लग्नं. फाइलमध्ये रोज नवे कागद वर येत गेले आणि ते पत्र खाली खाली गेलं. मनकर्णाला ती लिहीत राहिली, पत्र तयार आहे ताई, आता सहीचंच राहिलंय. हे एक वाक्य तरी शब्दशः खरं होतं.

जानेवारीच्या शेवटी, एका मंगळवारी, करुणा नेहमीप्रमाणे अकराला ऑफिसात आली. फोन चार्जिंगला लावलेला होता. उघडला, तर मनकर्णाचे पाच निरोप होते. पहिला नऊ वाजून चाळीस मिनिटांचा.

"साहेब, मालक पडलेत. तारंखाली पडलेत. कोणी जवळ जाऊन नाही राहिलं. लाइन बंद करायला सांगा साहेब. लवकर सांगा. तुमी सांगितलं की ऐकतेत."

दुसरा नऊ त्रेचाळीसचा होता. "साहेब, फोन घ्या." तिसऱ्यात नुसती माणसांची ओरड होती आणि मेंढरांचा आवाज. चौथ्यात ती साहेब, साहेब एवढंच म्हणत होती. पाचवा करुणानं ऐकला नाही.

तिनं भीमराजला फोन लावला.

"संपलं," भीमराज म्हणाला. "इथंच हाय म्या. मेंढरांसाठी पाला तोडायला आकडी नेली होती त्यानं. लांब बांबू, टोकाला लोखंडी कोयती. दहिवरानं ओला झालेला. खांद्यावर उभा धरून चालला अन् कोयती तारंला टेकली. नागोराव नाव त्याचं. म्या दुसऱ्या गावात डीपीवर होतो. पोरं गाडीवर सबस्टेशनला पळाली, तिथून लाइन बंद झाली तवा सव्वादहा झाले होते. काहून गं, साडेनऊ-पावणेदहालाच मला कोणी फोन केला असता तर म्या जागेवरून बंद करायला लावली असती. त्याची बायको म्हणती, म्या कळवलं होतं. कोणाला कळवलं, काय माहीत."

करुणाला माहीत होतं. ती खुर्चीत बसून राहिली. समोरच्या फोनवर उत्तराची जागा रिकामी होती आणि तिथं काय लिहावं, हे तिला पहिल्यांदाच सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी साहेब वाडीवर सांत्वनाला गेले. बायामाणसांत बसायला कोणीतरी असावं म्हणून शिवहारनं करुणाला बरोबर घेतलं. वाडी म्हणजे पंचवीस-तीस घरं, मेंढरांचे वाडे, मध्ये लिंबाचं झाड. झाडाखाली घोंगडी अंथरली होती. साहेब खाली बसले. शिवहार फोन आडवा धरून उभा होता.

मनकर्णा पस्तिशीची, काटक बाई निघाली. करुणानं सहा महिने तिचे मेसेज वाचले होते, आवाज ऐकला होता. चेहरा आज पाहत होती. तिची सासू चंद्रभागाबाई तिला धरून बसली होती. मनकर्णा रडली नाही. तिनं पदराखालून मोबाइल काढला.

"साहेब, तुमी लिवलं होतं," ती म्हणाली. "बघा. आठ दिवसांत बघतो म्हणला होता. हे बघा, पंधरा दिवस. हे बघा, निवडणूक झाली की. सगळं हाय माज्यापाशी."

शिवहारचा हात किंचित खाली आला. साहेबांनी चष्मा लावला आणि मोबाइल हातात घेतला. ते वरून खाली सावकाश वाचत गेले. आपल्या नावानं काय काय लिहिलं गेलंय, ते साहेब आज पहिल्यांदा वाचत होते, आणि हे त्यांच्याखेरीज फक्त शिवहारला आणि करुणाला कळत होतं. करुणाला वाटलं, आता साहेब म्हणतील, हे मी लिहिलेलं नाही. आणि त्याच वेळी तिला असंही वाटलं, म्हणू देत. एकदाचं होऊ दे.

साहेबांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरले होते. ते खोटं होतं असंही करुणाला पुढं कधी म्हणता आलं नाही.

"ऑगस्टपासून," साहेब उभे राहत म्हणाले. आवाज चढला. "ऑगस्टपासून मी ह्या बहिणीच्या मागं उभा आहे! ही बघा तारीख. ही बघा. एक आमदार, एक भाऊ सहा महिने जीव तोडून सांगतोय, आणि यंत्रणा झोपलीय! ह्या भागाचा वायरमन कोण आहे?"

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "भीमराज."

शिवहारचा हात पुन्हा वर आला होता. साहेबांनी तिथूनच साहेबाला फोन लावला, वीज खात्याच्या साहेबाला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा. "तुमचा तो भीमराज आजच्या आज मला कामावर दिसता कामा नये. आणि तार उद्या वर गेली पाहिजे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनकर्णाच्या दारात, तिसऱ्या दिवशी.

"भीमराजदादानं तीन बार लिहून दिलं होतं," करुणा शिवहारच्या कानाशी म्हणाली. "त्याच्यापाशी कागद हायेत."

"हळू बोल," शिवहार ओठ न हलवता म्हणाला. "रेकॉर्डिंग चालू आहे."

गाडीत बसल्यावर त्यानं तिला मजकूर लिहायला सांगितला. तिनं फोन हातात घेतला आणि परत दिला. मग शिवहारनं स्वतःच लिहिला. त्यात करुणाची उत्तरं एकामागून एक दाखवली होती, तारखेसकट, करुण संगीतावर. शेवटी भीमराजचा फोटो होता, खांबावर चढलेला, त्याच्याच स्टेटसवरून उचललेला. त्यावर लाल अक्षरात 'हाच तो बेजबाबदार वायरमन'. दोन दिवसांत अकरा लाख लोकांनी ती रील पाहिली. खाली लोकांनी लिहिलं होतं, असा आमदार पाहिजे.

चौथ्या दिवशी गाडी आली, मध्ये नवा खांब उभा राहिला, तार ताणून वर गेली. त्याचंही ड्रोननं वरून चित्रण झालं. सगळं काम दीड तासात आटोपलं.

करुणानं नोकरी सोडली. शिवहारनं अडवलं नाही. दुसऱ्या आठवड्यात ती जीपनं डोंगरकड्याला उतरली आणि चालत वाडीवर गेली. मनकर्णा वाड्यात कोकरांना बाटलीनं दूध पाजत होती. तिनं करुणाला ओळखलं, साहेबांच्या बरोबर आलेली पोरगी म्हणून, आणि बसायला पोतं टाकलं.

"मनकर्णाबाई, तुमाला एक सांगायचंय," करुणा म्हणाली. वाटेत तिनं शंभर वेळा जुळवलेलं सगळं विसरलं होतं. "ते मेसेज साहेबांचे नव्हते. म्या लिहायचे. साहेबांना तुमचं नाव बी माहीत नव्हतं."

मनकर्णानं बाटली खाली ठेवली.

"सगळे?"

"सगळे."

"राखीच्या दिवशी आला होता त्यो बी?"

"त्यो बी."

कोकरू तिच्या हाताला ढुशा देत होतं. मग ती बोलायला लागली ती करुणाकडे न बघता.

"मालक दिवाळीच्या टायमाला म्हणले होते, आमी पोरं जमून दोन मोठ्या लाकडी बल्ल्यांची कैची करतो अन् लाइन गेली असताना तार उचलून त्याच्यावर ठेवतो. बल्ल्या बी तोडून आणल्या होत्या. म्याच नको म्हणलं. म्हणलं, साहेब करून राहिले, त्यांचा शबूद हाय, तुमी काहून तारंत हात घालता. लई चिडले होते माज्यावर. पण ऐकलं माझं." ती थांबली. "त्या बल्ल्या मागं पडल्यात अजून. बघायच्यात का?"

करुणा रडायला लागली. "चूक झाली. म्या पत्र बी तयार केलं होतं. म्या सांगते सगळ्यांना. पेपरवाल्यांना सांगते. भीमराजचा कायीच दोष नव्हता."

आता मनकर्णानं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर करुणाला सोसलं असतं.

"कोणालाच सांगायचं न्हाई," मनकर्णा हळू आवाजात म्हणाली. "भरपाईची फाइल त्याच मेसेजवर चाललीया. आधी ऑफिसवाले म्हणत होते, त्याचीच चूक, आकडी उभी धरून काहून गेला. साहेबानं मेसेज दाखवले तवा गप झाले. साहेबानं लिवलेले हायेत म्हणून त्याला किंमत हाय. तुमी लिवले म्हणल्यावर काय ऱ्हातंय? तुमी कोण?"

"पण खरं..."

"मला दोन लेकरं हायेत बाई. ही म्हातारी हाय." मनकर्णानं कोकराला पुन्हा मांडीवर घेतलं. "तुमी उठा आता. सासूबाईला आजून काही ठाऊक न्हाई. त्या माऊलीला वाटतं साहेब माजा भाऊ हाय."

करुणा उठली. घरातून चंद्रभागाबाईचा आवाज आला, पाहुणी आलीया तर चहा टाक गं. मनकर्णानं आतल्या बाजूला तोंड करून सांगितलं, घाई हाय त्यांना, चालल्या.

परतताना करुणा भीमराजच्या घरी थांबली. तो ओट्यावर बसला होता. आठ वर्षांत दिवसाउजेडी तो असा बसलेला तिनं कधी पाहिला नव्हता. ठेकेदारानं त्याला यादीतून काढलं होतं. तीनही अर्जांच्या प्रती त्याच्या पिशवीत होत्या. त्या घेऊन तो कळमनुरीला जाऊन आला, हिंगोलीला जाऊन आला. सगळ्यांनी कागद बघितले, बराबर आहे म्हणाले, आणि आमदारांचा विषय आहे म्हणून हात वर केले.

करुणानं त्याला सगळं सांगितलं. मेसेजचं, पत्राचं, नोकरी सोडल्याचं. तिला वाटलं, तो शिव्या देईल. तो फक्त शेवटच्या गोष्टीवर अडला.

"सोडली?" तो म्हणाला. "सोडली काहून? येडी हायेस का? तिथं होतीस तर माझं साहेबाजवळ बोलणारं कोणीतरी होतं. आता म्या कोणाला सांगू?"

करुणा कुरुंद्याला गेली. हळदीचा हंगाम सुरू झाला होता. आईबरोबर ती हळद शिजवायच्या कुकरवर कामाला लागली. वाफेत उभं राहायचं, शिजलेली हळद वाळत घालायची. रुक्माबाईनं एकदाच विचारलं, काय झालं, आणि उत्तर ऐकून पुन्हा विचारलं नाही. पेपरवाल्यांना करुणानं काही सांगितलं नाही. सांगितलं तर मनकर्णाचं नुकसान, न सांगितलं तर भीमराजचं. ती रोज एकदा तरी हे दोन्ही बाजूंनी उलटून पाहायची आणि पाटीभर हळद उचलायची.

मनकर्णाची फाइल वरच्या ऑफिसात गेली आणि तिथं एका कागदासाठी अडली. ती अजून त्या नंबरवर मेसेज पाठवते, असं भीमराजच्या बायकोकडून कळलं. उत्तरंही येतात म्हणे, पूर्वीपेक्षा लवकर. कोण लिहितं, ते करुणानं विचारलं नाही.

मार्चमध्ये भीमराज वाळूजला गेला. एका कंपनीत बारा तास उभं राहून पेट्या बांधायचं काम मिळालं. पोचल्यावर पंधरा दिवसांनी त्यानं करुणाला फोन केला. लाइनचं काम शोधलं का, असं तिनं विचारलं.

"शोधलं ना," भीमराज म्हणाला. "दोघा ठेकेदारांकडं गेलो. हात बघून खूश होतेत. मग नाव विचारतेत, गाव विचारतेत, अन् मोबाइलवर टाकतेत. ती रील वरच येते."